कानांसाठी लिहिलेली स्वरलिपी : नोबुयुकी त्सुजिई पियानो कसे वाजवतात

नोबुयुकी त्सुजिई रंगमंचावर एकटे येत नाहीत. एकलवादन असेल तर कोणी साहाय्यक, आणि वाद्यवृंदाबरोबर वाजवायचे असेल तर बहुधा स्वतः वाद्यवृंद-संचालक त्यांना हाताला धरून पियानोपर्यंत आणतो. पियानोच्या कडेवर एक हात ठेवून ते श्रोत्यांना वाकून अभिवादन करतात, बाकावर बसतात आणि सुरुवात करण्यापूर्वी दोन्ही हात दोन बाजूंना नेऊन कीबोर्डची डावी व उजवी कड चाचपून पाहतात. हे सारे काही क्षणांत उरकते. मग हात मध्यभागी येतात, थोडी शांतता होते आणि वादन सुरू होते.

त्सुजिई जन्मापासून दृष्टिहीन आहेत. 2009 साली वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी अमेरिकेतल्या फोर्ट वर्थ शहरात होणाऱ्या व्हॅन क्लायबर्न आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि त्या क्षणापासून त्यांच्या नावामागे ‘चमत्कार’ हा शब्द चिकटला. हा शब्द प्रेमाने वापरला जातो हे खरे, तरीही मला तो खटकतो. कारण एखाद्या गोष्टीला चमत्कार म्हटले की ती कशी घडली हे विचारायचे आपण थांबतो, आणि त्सुजिई यांच्या बाबतीत ‘कशी’ हाच सर्वांत विलक्षण भाग आहे. न पाहता अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांवर अचूक बोट कसे पडते, छापील स्वरलिपी न वाचता पाऊण तासाची रचना कशी शिकता येते, संचालकाची काठी न दिसता सत्तर-ऐंशी वादकांबरोबर एकाच क्षणी सूर कसा लावता येतो, या तीन प्रश्नांची उत्तरे आहेत. ती समजून घेतली की त्यांचे वादन ऐकण्याची आपली रीतही बदलते.

त्यांचा जन्म 13 सप्टेंबर 1988 रोजी टोकियोत झाला. गर्भावस्थेत डोळ्यांची वाढ अपुरी राहण्याच्या विकारामुळे त्यांना जन्मतःच दृष्टी नव्हती. दोन वर्षांचा असताना आई गुणगुणत असलेली ‘जिंगल बेल्स’ची धून या मुलाने खेळण्यातल्या पियानोवर वाजवून दाखवली आणि त्याचा कान वेगळा आहे हे घरच्यांच्या लक्षात आले. चौथ्या वर्षी रीतसर शिक्षण सुरू झाले. सातव्या वर्षी, 1995 मध्ये, टोकियोच्या हेलन केलर संस्थेने दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी भरवलेल्या संगीतस्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले. दहाव्या वर्षी ओसाकातल्या सेंच्युरी ऑर्केस्ट्राबरोबर त्याने वादन केले आणि बाराव्या वर्षी टोकियोच्या सनटोरी हॉलच्या छोट्या सभागृहात एकलवादनाची मैफल केली. या पारितोषिकांच्या यादीपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते त्याला लाभलेले शिक्षक. मासाहिरो कावाकामी यांनी प्राथमिक शाळेच्या वयापासून पुढे बारा वर्षे त्याला शिकवले, आणि शिकवण्याची एक पद्धत अक्षरशः हाताने घडवली. तिच्याकडे पुढे येतो.

आधी एक गोष्ट नोंदवायला हवी. दृष्टिहीन कलावंताची परंपरा जपानला नवी नाही. मध्ययुगात बिवा नावाचे तंतुवाद्य घेऊन गावोगाव फिरणारे दृष्टिहीन गायक हेइके घराण्याच्या युद्धकथा गात असत आणि त्या कथा कित्येक पिढ्या त्यांच्या कंठातच टिकून राहिल्या. सतराव्या शतकात कोतो या वाद्याला नवे वळण देणारे यात्सुहाशी केंग्यो दृष्टिहीन होते. विसाव्या शतकात कोतोसाठी आधुनिक रचना करणारे मिचियो मियागी यांनीही लहानपणीच दृष्टी गमावली होती. दृष्टिहीन वादकांच्या स्वतःच्या संघटना जपानमध्ये होत्या, त्यांत पदव्या व श्रेणी होत्या, आणि ‘केंग्यो’ ही त्यांतली सर्वोच्च श्रेणी होती. मात्र ते संगीत मुख्यतः मौखिक परंपरेतून चालत आलेले होते. त्सुजिई ज्या संगीताकडे वळले ते युरोपातले अभिजात संगीत आहे, आणि ते लिखित संगीत आहे. अडचण नेमकी इथे सुरू होते.

आता पहिला प्रश्न, पट्ट्यांचा. मराठी वाचकाला यासाठी फार लांब जायला नको, कारण पेटी आपल्या घराघरांत असते आणि तिच्या पट्ट्यांची मांडणी पियानोसारखीच असते. गायक ‘काळी चार’ किंवा ‘पांढरी एक’ म्हणतो तेव्हा तो त्याच मांडणीचा पत्ता सांगत असतो. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन, दोन आणि तीन अशा गटांनी येतात. या असमान गटांमुळे बोटांना स्पर्शानेच कळते की आपण सप्तकात कुठे आहोत. पट्ट्या सगळ्या सारख्याच सपाट असत्या तर हे शक्य झाले नसते. पेटीवाले तरी कुठे पट्ट्यांकडे पाहत असतात? त्यांची नजर गायकाच्या चेहऱ्यावर असते.

पियानोत फरक पडतो तो विस्ताराचा. पेटीला साधारण तीन-साडेतीन सप्तके असतात, पियानोला सात सप्तके आणि वर थोड्या जास्त पट्ट्या, म्हणजे 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. एका सप्तकाची रुंदी सुमारे साडेसोळा सेंटिमीटर, आणि संपूर्ण कीबोर्ड सव्वा मीटरच्या आसपास. पंजा एका जागी ठेवून वाजवायचे असते तेव्हा स्पर्श पुरतो. पण जिथे हात उचलून लांब उडी मारायची असते तिथे मध्ये चाचपायला वेळ नसतो. फ्रान्झ लिस्ट यांची ‘ला कांपानेल्ला’ ही रचना याचे टोकाचे उदाहरण आहे. ‘कांपानेल्ला’ म्हणजे छोटी घंटा. या रचनेत उजवा हात खालचा सूर वाजवून क्षणार्धात वरच्या किणकिणत्या सुरावर जातो आणि परत येतो, आणि काही ठिकाणी ही उडी दोन सप्तकांची, म्हणजे सुमारे तेहतीस सेंटिमीटरची असते. डोळस वादकही इथे चुकतात. त्सुजिई हीच रचना अनेकदा वाजवतात, क्लायबर्न स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत त्यांनी ती वाजवली होती.

हे कसे साधते? आपण अंधारात स्वतःच्या घरातले दिव्याचे बटण बरोबर शोधतो, कारण शरीराला अंतर ठाऊक झालेले असते. खांदा, कोपर आणि मनगट यांच्या सांध्यांतून मेंदूला हाताच्या स्थितीची सतत खबर मिळत असते. हजारो वेळा तीच उडी मारली की हाताला तेहतीस सेंटिमीटर म्हणजे किती हे मोजावे लागत नाही. मात्र या मोजणीला एक पक्का आरंभबिंदू लागतो. शरीराचा मध्य आणि कीबोर्डचा मध्य एकमेकांसमोर आले नाहीत, बाक जरा डावीकडे सरकलेला असला, तर सगळीच अंतरे चुकतील. वादनापूर्वी दोन्ही कडा चाचपण्याचे कारण हेच आहे. गवंडी पहिली वीट ठेवण्याआधी ओळंबा लावतो तसे ते आहे.

दुसरा प्रश्न शिकण्याचा, आणि माझ्या मते या साऱ्या कथेचा गाभा तोच आहे.

युरोपीय अभिजात संगीतात रचनाकार केवळ सूर आणि ताल लिहून थांबत नाही. कोणता सूर किती हळू, कोणता किती जोरात, कुठे आवाज वाढत न्यायचा, कुठे सूर तोडायचे आणि कुठे जोडायचे, कुठे पेडल दाबायचे, हे सर्व तो कागदावर चिन्हांनी नोंदवतो. पियानोच्या स्वरलिपीत उजव्या आणि डाव्या हातासाठी दोन ओळी एकाखाली एक असतात, आणि एकेका हाताला अनेकदा एकाच वेळी तीन-चार सूर वाजवायचे असतात. अनेक सुरांचा हा एकत्र आघात म्हणजे कॉर्ड. डोळस वादक दोन्ही ओळी एका नजरेत टिपतो आणि वाचता वाचता वाजवू शकतो.

दृष्टिहीनांसाठी ब्रेल स्वरलिपी आहे. लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवत असत, आणि सहा उंचवट्यांच्या लिपीतच त्यांनी संगीतलेखनाचीही सोय केली. पण तिच्या काही अंगभूत मर्यादा आहेत. ती बोटांनी वाचायची असते, म्हणजे एक हात कागदावर गुंतला की वाजवायला एकच हात उरतो. शिवाय ती ओळीत एकापुढे एक वाचली जाते; उजव्या हाताचा मजकूर वेगळा, डाव्याचा वेगळा, आणि कॉर्डमधला प्रत्येक सूर स्वतंत्र चिन्हाने. दहा सुरांचा जो आघात छापील पानावर एका उभ्या रेषेत दिसतो, तो ब्रेलमध्ये तुकड्यांनी गोळा करून मनात जोडावा लागतो. आणि सर्वांत मोठी अडचण साधी आहे: ब्रेलमध्ये उतरवलेल्या रचनांची मागणी थोडी असल्याने त्यांची संख्याही थोडी आहे. जगभर फिरणाऱ्या व्यावसायिक वादकाला लागणारा संग्रह त्यातून मिळत नाही.

कावाकामी यांनी म्हणून वेगळा मार्ग धरला. ते रचनेचे लहान लहान तुकडे करत, कधी केवळ काही मात्रांचे, आणि एकेका हाताचा भाग वेगवेगळा वाजवून टेपवर ध्वनिमुद्रित करत. रचनाकाराने लिहिलेल्या सूचना सोबत बोलून सांगितलेल्या असत. मुलगा आधी उजवा हात ऐकून शिके, मग डावा, मग दोन्ही जोडी. पुढे हे काम साहाय्यक पियानोवादकांच्या गटाकडे आले, तरी पद्धत तीच राहिली. त्सुजिई या ध्वनिफितींना कानांसाठीची स्वरलिपी म्हणतात. लहान रचना बसवायला त्यांना काही दिवस पुरतात. मोठा सोनाटा (एकल वादनासाठीची अनेक भागांची रचना) किंवा कन्चेर्टो (वाद्यवृंदासह वाजवायची रचना) असेल तर साधारण महिना लागतो.

इथे एक गैरसमज होण्याची दाट शक्यता आहे. कानांनी शिकणे म्हणजे एखाद्या थोर वादकाचे ध्वनिमुद्रण ऐकून त्याची नक्कल करणे, असे अनेकांना वाटते. तसे असते तर त्या थोर वादकाच्या लकबी, त्याचे थांबे, त्याचा भावही सुरांबरोबर आपोआप आला असता. कानांसाठीच्या या स्वरलिपीचा हेतू नेमका उलटा आहे. एकेका हाताचा भाग सुटा करून, सूचना शब्दांत सांगून, रचना तिच्या कच्च्या घटकांत मोडली जाते, म्हणजे अर्थ लावण्याचे काम शिकणाऱ्याकडेच राहते. ‘इथे हळूहळू वाढवत जा’ असे शब्दांत ऐकणे आणि कोणीतरी वाढवत नेलेले ऐकणे यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्यात किती आणि कसे हे स्वतः ठरवावे लागते. या पद्धतीमागचा हा विचार मला अतिशय मोलाचा वाटतो. विद्यार्थ्याला सूर द्यायचे, पण त्याच्या वतीने गाणे गाऊन टाकायचे नाही, हे भान फार थोड्या शिक्षकांना असते.

आपल्याकडे ऐकून शिकणे हीच रूढ रीत आहे. गुरूसमोर बसून तालीम घ्यायची, बंदिश कानांवाटे आत उतरवायची, वही असलीच तर ती शब्दांपुरती. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या दृष्टीला लहानपणी फटाक्याने इजा झाली होती. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते असेच ऐकून शिकले आणि पुढे त्यांनीच स्वतःची स्वरलिपी सिद्ध केली. तेव्हा त्सुजिई यांचे कानांनी शिकणे आपल्याला परके वाटायला नको. मात्र एक भेद लक्षात ठेवायला हवा. ख्यालात बंदिशीचा मुखडा पक्का असतो आणि विस्तार गायकाचा असतो, एखादी जागा आज वेगळी घेतली तर तो दोष नसून गुण ठरतो. बेथोवेनच्या सोनाट्यात प्रत्येक सूर ठरलेला आहे आणि तो बदलण्याची मुभा नाही. स्वातंत्र्य आहे ते वजनात, वेगात, श्वासात आणि रंगात. म्हणून हजारो सुरांचा तंतोतंत ठेवा मनात असल्याशिवाय या स्वातंत्र्यापर्यंत पोहोचताच येत नाही.

पाठांतराबद्दलही थोडे. एकल पियानोवादकाने समोर कागद न ठेवता वाजवावे हा संकेत एकोणिसाव्या शतकात रूढ झाला आणि त्यात लिस्ट व क्लारा शूमान यांचा मोठा वाटा होता. म्हणजे मैफलीत त्सुजिई यांच्यासमोर कागद नसतो, तसाच तो बहुतेक डोळस वादकांसमोरही नसतो. फरक मैफलीच्या आधीचा आहे. डोळस वादकाला सरावात अडले तर पान उघडता येते, एखादा सूर विसरला तर पाहून खात्री करता येते, मनात पानाचे चित्रही असते. त्सुजिई यांच्याकडे हे चित्र नाही. त्यांच्याकडे आवाजाची स्मृती आणि हाताची स्मृती आहे, आणि या दोन स्मृती एकमेकींना सावरून धरतात.

तिसरा प्रश्न वाद्यवृंदाचा. कन्चेर्टो म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची मोठी रचना, साधारणपणे तीन भागांची. संचालक हातातल्या काठीने ठेका दाखवतो आणि सर्व वादक ती पाहतात. यामागे एक भौतिक कारणही आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो; रंगमंचाच्या मागच्या टोकाला, पंधरा मीटरवर बसलेल्या वादकाचा आवाज पुढच्या माणसापर्यंत यायला सेकंदाचे सुमारे चार शतांश लागतात. हा उशीर संगीतात जाणवण्याइतका असतो. त्यामुळे ऐकून मग वाजवू असे म्हणणारा वादक कायम किंचित मागे पडेल. प्रकाशाला हा उशीर लागत नाही, म्हणून काठी.

मग काठी न दिसणाऱ्याने काय करावे? त्सुजिई यांचे यावरचे उत्तर साधे आहे: ते संचालकाचा श्वास ऐकतात, आणि आसपास जे घडत असते ते जाणून घेतात. श्वासाचे वैशिष्ट्य हे की तो ठेक्याच्या आधी येतो. गायक सूर लावण्याआधी श्वास घेतो, व्हायोलिनवादक गज टेकवण्याआधी घेतो, संचालकही काठी उचलताना घेतो. त्या श्वासाची लांबी पुढच्या ठेक्याचा वेग सांगते आणि त्याचा जोर पुढच्या सुराचे वजन सांगतो. कन्चेर्टोत संचालक पियानोपासून काही फुटांवरच उभा असतो, त्यामुळे तयार कानाला हा श्वास नक्कीच ऐकू येऊ शकतो. मोजके वादक एकत्र वाजवतात तेव्हा तर संचालकच नसतो, आणि डोळस वादकही एकमेकांच्या श्वासावरच सुरुवात करतात. क्लायबर्न स्पर्धेत एक फेरी अशा सहवादनाची होती. त्सुजिई यांनी ताकाच क्वार्टेटच्या चार वादकांबरोबर रॉबर्ट शूमान यांचे पियानो क्विंटेट, म्हणजे पियानो आणि चार तंतुवाद्यांसाठीची रचना, वाजवले. त्या फेरीचे चित्रीकरण पाहताना जाणवते की पाचही जणांचे कान एकमेकांकडे लागलेले आहेत आणि त्यांतला एक जण पाहू शकत नाही ही बाब काही वेळाने मनातून निघून जाते.

त्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यांनी दोन कन्चेर्टो निवडले होते, आणि दोन्हींची सुरुवात या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. शोपँच्या पहिल्या कन्चेर्टोत वाद्यवृंद एकटाच चार मिनिटांच्या आसपास वाजवत राहतो. 138 मात्राखंड संपल्यावर 139 व्या खंडावर पियानो प्रवेश करतो, आणि तो हलक्या पावलांनी येत नाही, पूर्ण जोराच्या कॉर्डनी येतो. तोवर वादकाने नुसते बसून राहायचे, सारे ऐकत राहायचे आणि नेमक्या जागी झेप घ्यायची. राखमानिनॉफच्या दुसऱ्या कन्चेर्टोत याच्या उलट घडते. पियानो एकटा सुरुवात करतो, दुरून येणाऱ्या घंटानादासारख्या कॉर्ड एकामागून एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा गडद, आणि तो नाद शिगेला पोहोचला की तंतुवाद्ये मुख्य धून उचलतात व पियानो त्यांच्याखाली लाटांसारखा वाहू लागतो. आरंभीच्या या कॉर्ड इतक्या रुंद आहेत की अनेक वादकांच्या पंजात त्या एकदम मावत नाहीत आणि सूर विभागून वाजवावे लागतात. या जागी संचालकाला पियानोवादकाचे ऐकावे लागते, कारण वेग पियानोने ठरवलेला असतो. आणि पुढच्याच क्षणी पियानोवादकाला वाद्यवृंदाचे ऐकावे लागते, कारण आता धून त्यांच्याकडे गेलेली असते. ही देवघेव दोन्ही बाजूंनी होते. अंतिम फेरीत फोर्ट वर्थच्या वाद्यवृंदाचे संचालन जेम्स कॉनलन यांनी केले.

या स्पर्धेपर्यंत त्सुजिई अगदीच अनोळखी नव्हते. 2005 मध्ये, सतराव्या वर्षी, वॉर्सातल्या शोपँ स्पर्धेत ते उपांत्य फेरीपर्यंत गेले होते आणि समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला होता. क्लायबर्न स्पर्धा दर चार वर्षांनी होते; 1958 साली शीतयुद्धाच्या ऐन काळात मॉस्कोत पहिली चायकोव्हस्की स्पर्धा जिंकणाऱ्या अमेरिकन पियानोवादकाचे नाव तिला दिले आहे. 2009 मध्ये सुवर्णपदक दोघांना विभागून मिळाले, एक त्सुजिई आणि दुसरा चीनचा एकोणीस वर्षांचा हाओचेन झांग. क्लायबर्न जिंकणारे त्सुजिई पहिले जपानी आणि पहिले दृष्टिहीन वादक ठरले. याखेरीज जॉन मस्टो या अमेरिकन संगीतकाराची नवी रचना उत्तम वाजवल्याबद्दलचा पुरस्कारही त्यांना मिळाला, आणि मला तो सुवर्णपदकाइतकाच बोलका वाटतो. जी रचना नुकतीच लिहिली गेली आहे तिचे जुने ध्वनिमुद्रण कोठून असणार? नक्कल करायला तिथे काहीच नसते. रचना समजून घेऊन तिला अर्थ देण्याची कुवत अशाच ठिकाणी कळते.

निकालावर टीकाही झाली. परीक्षक सहानुभूतीने वाहवले, असा सूर अमेरिकेतल्या काही लिखाणात उमटला. या टीकेकडे दुर्लक्ष करणे मला योग्य वाटत नाही, कारण तिच्यामागचा प्रश्न खरा आहे: अशा वादकाकडे पाहताना आपण संगीत ऐकत असतो की त्याने मात केलेली अडचण मोजत असतो? माझे मत असे की विसाव्या वर्षीच्या त्यांच्या वादनात काही ठिकाणी परिपक्वता अजून यायची होती, जशी त्या वयाच्या कोणाही वादकात यायची असते. पण शोपँच्या पहिल्या संचातले बाराही एत्यूद (एकेका तंत्राचा कस पाहणाऱ्या छोट्या रचना) सलग वाजवणे, बेथोवेनचा ‘हामरक्लाव्हियर’ सोनाटा पेलणे आणि वर दोन कन्चेर्टो, हे सारे सहानुभूतीच्या बळावर निभावत नाही. ज्याला शंका असेल त्याने डोळे मिटून ते ध्वनिमुद्रण ऐकावे. आवाज स्वच्छ आहे, हळू सुरांनाही गोलाई आहे, आणि धून गाती ठेवण्याची जी ओढ आहे ती शिकवून येत नाही.

पदकानंतरची कारकीर्द झपाट्याने वाढली. 2011 मध्ये त्यांनी टोकियोच्या उएनो गाकुएन विद्यापीठातून पदवी घेतली. त्याच वर्षी 11 मार्चला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामीने हाहाकार केला. त्सुजिई संगीतरचनाही करतात; लहानपणी वडिलांबरोबर टोकियोतल्या कान्दा नदीच्या काठाने केलेल्या भटकंतीतून त्यांची एक रचना सुचली होती. त्सुनामीत गेलेल्यांसाठी त्यांनी एक शोकगीत रचले आणि नोव्हेंबर 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या पहिल्या एकलवादनात ते वाजवले. 2013 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसी प्रॉम्स महोत्सवात, हुआंखो मेना यांच्या संचालनाखाली त्यांनी पुन्हा राखमानिनॉफचा तोच दुसरा कन्चेर्टो सादर केला. काही हजार श्रोते मावणाऱ्या त्या गोल, उंच सभागृहात आवाज घुमतो आणि मागच्या भिंतींवरून परत येतो. केवळ कानांवर भिस्त असलेल्या वादकासाठी अशी जागा किती कठीण, हे वर सांगितलेल्या उशिराच्या गणितावरून लक्षात येईल.

2024 मध्ये डॉइच ग्रामोफोन या जुन्या जर्मन ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांच्याशी करार केला, आणि तिच्यासाठी त्यांनी निवडला तो पुन्हा ‘हामरक्लाव्हियर’. हा सोनाटा बेथोवेन यांनी 1817-18 मध्ये लिहिला. तेव्हा त्यांची श्रवणशक्ती इतकी गेली होती की भेटायला येणाऱ्यांना आपले म्हणणे वहीत लिहून दाखवावे लागू लागले होते. सुमारे पाऊण तासाच्या या रचनेच्या पहिल्याच क्षणी डावा हात खर्जातला एक सूर वाजवून एकदम वरच्या कॉर्डवर झेप घेतो, आणि ती झेप इतकी धोक्याची आहे की पुष्कळ वादक तो सूर आणि कॉर्ड दोन हातांत वाटून घेतात. शेवटी तीन स्वतंत्र सुरावटी एकमेकींचा पाठलाग करत जातात अशी प्रदीर्घ फ्यूग आहे. त्या दोन टोकांमध्ये एक संथ भाग आहे, पंधरा ते वीस मिनिटांचा, ज्यात सुरुवातीसारखी धोक्याची झेप नाही, आणि तरीही तो वेगळ्या अर्थाने फार कठीण आहे. कारण तिथे वादकाकडे दाखवण्यासारखे काही नसते, एक सूर संपून दुसरा सुरू होईपर्यंतची शांतता तेवढी सांभाळायची असते.